गाठ निघाली, पुढे काय? स्तनाचा कर्करोग, मन आणि जगण्याची प्रत

(व्याख्यानाचे शब्दांकन. वाचायला सोपे जावे म्हणून मध्ये उपशीर्षके दिली आहेत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

स्तनाच्या कर्करोगावर व्याख्यान म्हटलं की गाठ कशी ओळखायची, मॅमोग्राफी कधी करायची, असे विषय अपेक्षित असतात. ते महत्त्वाचेच आहेत, पण आज आम्ही त्यावर बोलणार नाही. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. गाठ सापडली, उपचार सुरू झाले, कदाचित संपलेही. या सगळ्या काळात ती बाई जगते कशी? तिला झोप लागते का? ती आरशात बघते का? घरात तिच्याशी कोण बोलतं, आणि कशाबद्दल बोलायचं सगळेच टाळतात?

आधी एक आकडा लक्षात घेऊ. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्याच वर्षी सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या. हे मृत्यू फार आहेत आणि त्यामागे उशिरा होणारं निदान हे मोठं कारण आहे. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की लाखो स्त्रिया हा आजार होऊन गेल्यानंतर किंवा तो सोबत घेऊन वर्षानुवर्षं जगतायत. शिवाय आपल्याकडच्या रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा सरासरी दहाएक वर्षांनी तरुण असतात. म्हणजे मुलं शाळेत आहेत, घराचे हप्ते चालू आहेत, नोकरी आहे, अशा वयात हे येतं.

आजच्या व्याख्यानाचं सार आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. मनाचा त्रास हा या आजाराचाच एक भाग आहे. तापासारखा, वेदनेसारखा तो विचारायचा असतो, मोजायचा असतो आणि त्यावर उपचार करायचे असतात. आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ हा त्यावरचा उपचार नाही.

‘जगण्याची प्रत’ हा प्रश्न वैद्यकात आला कसा?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड नावाच्या शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगासाठी एक मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. त्यात पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच काढलं जायचं. पुढे सत्तरएक वर्षं हीच पद्धत चालली. छाती खोलगट व्हायची, खांदा आखडायचा, हात सुजायचा. त्या काळात अनेकदा तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत व्हायची. आपण जाग्या होऊ तेव्हा स्तन असेल की नसेल, हे भूल घेताना बाईला माहीत नसायचं. जीव वाचतोय ना, मग बाकीचं काय, असा एकूण विचार होता.

१९७०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्टो व्हेरोनेसी यांनी या समजुतीची नीट चाचणी घेतली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या काही रुग्णांचा स्तन पूर्ण काढला, तर काहींची फक्त गाठ व भोवतालचा भाग काढून रेडिएशन दिलं. २००२ साली दोन्ही अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. आयुर्मानात फरक नव्हता. याचा अर्थ बघा. दोन्ही वाटांनी जीव तितकाच वाचतो म्हटल्यावर निवड कशावरून करायची? उरलेलं आयुष्य कसं जगायचं, यावरून. तिथे हा प्रश्न वैद्यकाला टाळता येईना.

आता ‘जगण्याची प्रत’ म्हणजे नक्की काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा गाभा असा आहे की माणूस स्वतःच्या आयुष्याकडे स्वतःच्या संस्कृतीच्या, मूल्यांच्या आणि अपेक्षांच्या चौकटीतून कसा बघतो, ती त्याची जगण्याची प्रत. म्हणजे ती डॉक्टरांनी ठरवायची नाही, नवऱ्याने किंवा मुलाने तर नाहीच. ती बाई स्वतः सांगेल तेच खरं.

मन मोजता येतं का?

लोक म्हणतात, रक्तातली साखर मोजता येते, मन कसं मोजणार? तर विचारून. युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि पुढे स्तनाच्या कर्करोगासाठी २३ प्रश्नांची खास पुरवणी काढली. त्यात थकवा, झोप, वेदना, पैशाची ओढाताण, घरच्या आयुष्यावरचा परिणाम तर आहेच. पण आपलं शरीर आपल्याला कसं वाटतं, केस गेल्याचा त्रास किती होतो, लैंगिक इच्छा उरली आहे का, पुढच्या आयुष्याची काळजी किती वाटते, हेही आहे. या प्रश्नावल्या मराठीत उपलब्ध आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्या भारतीय स्त्रियांसाठी तपासून २००५ साली त्याचा अहवालही प्रसिद्ध केला. म्हणजे साधन आपल्या भाषेत आहे. ते वापरायला वेळ आणि माणूस लागतो, ते मात्र कमी पडतं.

रोजच्या बाह्यरुग्ण विभागात ५३ प्रश्न विचारणं अवघड. त्यासाठी एक सोपी गोष्ट आहे, ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’. न्यूयॉर्कमधल्या मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांचं या कामातलं योगदान मोठं. कागदावर थर्मामीटरचं चित्र असतं, ० ते १० आकडे असतात. गेल्या आठवड्यात तुम्हाला किती मानसिक त्रास झाला, त्या आकड्यावर खूण करा. ४ किंवा त्याहून जास्त आलं तर पुढे नीट चौकशी करायची. हॉलंडबाईंनी शब्दही जपून निवडला. ‘मानसिक आजार’ म्हटलं की माणूस बिचकतो. ‘त्रास’ म्हटलं की बोलतो.

हे घरीही करता येतं. ‘कशी आहेस?’ असं विचारलं की आपल्याकडे एकच उत्तर येतं, ‘बरी आहे.’ पण ‘या आठवड्यात मनाचा त्रास दहापैकी किती होता?’ असं विचारून बघा. आकडा सांगताना बाईला आपलं रडगाणं गातोय असं वाटत नाही. मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. ‘सात? मागच्या आठवड्यात पाच होता ना? काय झालं?’

कुठल्या टप्प्यावर काय होतं?

निदानानंतरचे पहिले काही आठवडे बाई जणू धुक्यात असते. डॉक्टर बोलतात, ऐकू येतं, पण डोक्यात काही शिरत नाही. म्हणून सल्लामसलतीला जाताना सोबत कोणीतरी असावं आणि सगळं लिहून घ्यावं.

मग केमो. साधारण तीन तीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा महिने. मळमळ आता औषधांनी बऱ्यापैकी आटोक्यात राहते. पण केसांचं काय? मराठी घरात याला एक वेगळा पदर आहे. विधवांचं केशवपन आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. अनेकांच्या पणजीने ते भोगलेलं आहे. त्यामुळे बोडकं डोकं, कोरा गळा, मोकळे हात यांना आपल्या मनात एक अर्थ चिकटलेला आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजला की बांगडी चढत नाही, आणि डॉक्टरही त्या हातात घट्ट काही घालू नका म्हणतात. मग ती बाई हळदीकुंकवाला जायचं बंद करते. आपण म्हणतो, ‘केस काय, परत येतील!’ ते येतातही, बहुतेकींना काही महिन्यांत. पण तिला बोचतं ते लोकांच्या नजरेत दिसणारं काहीतरी, आणि त्यावर ‘परत येतील’ हे उत्तर पुरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर शरीराची ओळख बदलते. पदराखाली झाकलं जातं हे खरं, पण स्वतःपासून कसं झाकणार? कित्येक जणी ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवून वर्षं काढतात, कारण कृत्रिम स्तन मिळतो हेच कुणी सांगितलेलं नसतं. सिलिकॉनचे मिळतात, हलके लोकरीचे किंवा सुती धाग्याने विणलेलेही मिळतात. शक्य असेल तिथे स्तनाची पुनर्रचना करता येते. हे सगळं सजण्याचे लाड म्हणून सोडून द्यायचं नसतं. शरीराचा तोल, पाठीचं दुखणं आणि गर्दीच्या लोकलमध्ये चढण्याची हिंमत, सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

सगळ्यात फसवा टप्पा म्हणजे उपचार संपल्यानंतरचा. घरचे पेढे वाटतात. सगळ्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. आणि नेमकी तेव्हाच ती बाई खचते. का? उपचार चालू असताना दर काही दिवसांनी कुणीतरी तपासत असतं, काहीतरी केलं जात असतं. आता एकदम सगळं थांबलं. ‘सहा महिन्यांनी या’ म्हणतात. पाठीत जरा दुखलं की मनात पाल चुकचुकते, परत आलं असेल का? तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. शिवाय ज्यांची गाठ हार्मोनवर वाढणारी असते त्यांना ५ ते १० वर्षं रोज गोळी घ्यावी लागते. टॅमोक्सिफेनने अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे धरतात. तरुण वयात पाळी बंद पडते. थकवा महिनोन् महिने राहतो. नावं आठवत नाहीत, दूध गॅसवर ठेवलेलं विसरायला होतं. केमोनंतर असं होऊ शकतं. आणि घरचे म्हणतात, ‘आता तर बरी झालीस, मग आळस कसला?’

लंडनमध्ये २२२ स्त्रियांचा पाच वर्षं पाठपुरावा करून एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्या जणींना नैराश्य, चिंताविकार किंवा दोन्ही होतं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी साधारण चौघींत एकीला. पाचव्या वर्षीही १५ टक्के. आजाराच्या तपशिलावरून किंवा उपचारांच्या प्रकारावरून कोणाला नैराश्य येईल हे सांगता येत नव्हतं. मनातलं मोकळेपणाने बोलता येईल असं जवळचं माणूस नसणं, याचा मात्र नैराश्य लांबण्याशी संबंध दिसला. गाठीचा आकार आपल्या हातात नाही. जवळचं माणूस होणं आहे.

‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणायचं की नाही?

हा थोडा नाजूक भाग आहे, कारण हे वाक्य प्रेमापोटी येतं. ते कुठून आलं बघू. १९७९ साली लंडनमधल्या एका छोट्या अभ्यासात असं दिसलं की लढाऊ वृत्तीच्या स्त्रियांचे निकाल चांगले लागले. अभ्यास फक्त ६९ स्त्रियांचा होता, पण कल्पना जगभर पसरली. वीस वर्षांनी, १९९९ साली, ५७८ स्त्रियांवर हेच पुन्हा तपासलं गेलं. लढाऊ वृत्तीचा जगण्या-वाचण्यावर परिणाम आढळला नाही. तीव्र हताशपणा असलेल्या स्त्रियांत मात्र निकाल काहीसे वाईट दिसले. म्हणजे हताशपणा ओळखून त्यावर उपचार करावेत; सतत हसतमुख राहण्याची सक्ती त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट आधारगटांची. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी दाखवलं की आजार पसरलेल्या ज्या स्त्रिया दर आठवड्याला गटात बसून बोलत होत्या त्या सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. ८६ स्त्रियांचा अभ्यास. मोठी खळबळ झाली. मग कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला आणि २००१ साली निकाल आला. आयुष्य वाढलं नाही. दोन्ही गटांत ते साधारण १८ महिनेच होतं. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा अभ्यास केला, २००७ मध्ये त्यांनाही एकूण फरक मिळाला नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे प्रसिद्ध केलं.

मग गट व्यर्थ का? मुळीच नाही. कॅनडाच्या त्याच अभ्यासात गटातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधीपासून जास्त त्रासात होत्या त्यांना. दिवस तितकेच राहिले, पण जगायला सुसह्य झाले. एवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे.

‘पॉझिटिव्ह राहा’ची खरी अडचण अशी की त्यात एक छुपा आरोप दडलेला असतो. आजार परतला तर? ‘मी पुरेशी पॉझिटिव्ह राहिले नाही.’ म्हणजे आजारही तिचा आणि दोषही तिचाच. वर रडायची सोय नाही, कारण रडलं तर घरचे म्हणणार, ‘असं केलंस तर बरी कशी होणार?’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ज्या बाईला स्वभावतःच उमेद आहे तिने जरूर तशीच राहावं. पण जिला रडू येतंय तिला रडू द्यावं. रडण्याने गाठ वाढत नाही.

दुःख कुठवर, आणि नैराश्य कुठून?

दुःख होणारच. मग डॉक्टरकडे कधी जायचं? साधारण दोन आठवडे सतत मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतला रस गेला असेल, तर तपासून घ्यावं. या आजारात एक पेच आहे. भूक जाणं, झोप मोडणं, थकवा ही नैराश्याची लक्षणं आहेत, आणि केमोनेही तेच होतं. म्हणून मनाच्या खुणांकडे जास्त लक्ष द्यायचं. नातवंड आलं तरी चेहरा हलत नाही. ‘मी सगळ्यांना ओझं झाले’ हे पुन्हा पुन्हा येतं. ‘आता नको हे जगणं’ असं वाक्य तर हसण्यावारी कधीच न्यायचं नाही. सरळ विचारायचं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं होतं. मग तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

उपाय आहेत. समुपदेशन आहे, विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धती आहेत, गरज पडल्यास गोळ्या आहेत. थकव्यावर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा, अगदी रोजच्या चालण्याचासुद्धा. योगासनांचाही फायदा दिसतो. एक सूचना मात्र लिहून ठेवा. टॅमोक्सिफेन चालू असताना नैराश्याची गोळी परस्पर घेऊ नका. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी काही औषधं शरीरात टॅमोक्सिफेनचं रूपांतर होण्यात अडथळा आणतात. दुसऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. कॅन्सरच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा, एवढंच.

पैशाचा विषयही मनाच्याच खात्यात येतो. परळला टाटाच्या आसपास गावाकडून आलेली कुटुंबं राहायला जागा शोधत असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कित्येकांना आसरा दिला आहे. अशा बाईला विचारा, तिची पहिली काळजी बहुतेक वेळा ‘माझ्यापायी जमीन विकायला लागेल का?’ ही असते. तिला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची, रेल्वेतल्या सवलतीची माहिती आणि अर्ज भरायला मदत मिळणं, हाही मानसोपचारच आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा. आणि मनासाठी रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. मोफत आहे, मराठीतही आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आई ७० वर्षांची आहे. तिला निदान सांगितलं नाही. बरोबर केलं का?*

तुमचा हेतू आम्ही समजतो. पण बहुतेक रुग्णांना कळलेलं असतं. केस जातायत, कर्करोगाच्या रुग्णालयाची पाटी वाचता येते, शेजारच्या खाटेवरची बाई बोलते. मग आई तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प, तुम्ही आईला त्रास नको म्हणून गप्प. दोघंही एकटे. एकदम सगळं ओतू नका. ‘आई, तुला आजाराबद्दल काय वाटतं? तुला किती सांगू?’ इथून सुरुवात करा. ती म्हणाली, ‘तुम्हीच काय ते बघा,’ तर तोही तिचा निर्णय.

*सासूबाईंचं ऑपरेशन झालंय. त्यांना घरात काही काम करू द्यावं का?*

पूर्वी त्या हाताने वजन उचलूच नका म्हणायचे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, हात सुजलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन उचलण्याचा व्यायाम केला. सूज वाढली नाही, उलट त्रास उफाळण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणून फिजिओथेरपिस्टला विचारून हळूहळू कामं सुरू करावीत. पहिल्याच दिवशी भरलेली घागर नको. पण भाकरी थापायची असेल तर थापू द्या. ‘तुम्ही बसा’ म्हणत सगळी कामं काढून घेतली की घरातली जागाही काढून घेतल्यासारखी होते.

*मी फार ताण घेतला, म्हणून मला कॅन्सर झाला का?*

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण मनात विचारते. ब्रिटनमधल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ताण आणि स्तनाचा कर्करोग यांच्यात ठोस संबंध आढळला नाही. तुम्ही काही केलं म्हणून हा आजार झाला, असं स्वतःला सांगत राहू नका.

*नवरा म्हणून मी काय बोलावं? मला शब्दच सुचत नाहीत.*

शब्द कमी लागतात. केमोला सोबत बसा. जखमेकडे बघणं टाळू नका. तुमची नजर वळली की तिला ते लगेच कळतं. जवळीक कधी, कशी, हे तिच्या कलाने घ्या, पण विषयच बंद करू नका. ‘मला भीती वाटतेय’ हे तुम्हीही म्हणू शकता. दोघांनी मिळून घाबरणं हे एकट्याने धीर देण्यापेक्षा सोपं जातं.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एक करा. ओळखीत, नात्यात, शेजारी अशी एखादी बाई असेलच. उपचार संपून वर्ष झालं असेल तरी तिला फोन करा. ‘रिपोर्ट काय आला?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, झोप कशी लागते. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.